पंगतीतले चेहरे

लग्नात अक्षता पडल्या, हार घालून झाले, की मुरलीधर आप्पा स्टेजवरून गायब व्हायचे. नवरीची आत्या पदर सावरून फोटोसाठी उभी, नवरदेवाचे मित्र गॉगल लावून उभे, आणि फोटोग्राफरचा पत्ता नाही. मग कुणीतरी शोधायला निघायचं. आप्पा सापडायचे मांडवामागे, जेवणाच्या पंगतीत. पत्रावळीसमोर मांडी घालून बसलेल्या एखाद्या म्हाताऱ्यापुढे ते उकिडवे बसलेले असायचे आणि कॅमेऱ्यामागून बोलणं चालू असायचं, "बाबा, माझ्याकडं बघू नका. जेवत ऱ्हा. हां, आता बघा."

यावरून त्यांची भांडणं ठरलेली. एकदा नवरीचा बाप मांडवभर तणतणत आला, "आप्पा, आमी तुमाला लग्न काढायला बोलवलं का म्हातारे काढायला?" आप्पांनी उठायचीही तसदी घेतली नाही. "नवरानवरी कुठं पळून चालले का? उद्या दारात उभं करून काढतो. हे बाबा पुढच्या लग्नाला दिसतेन का, सांगा बरं." तो बाप आल्या पावली मागे फिरला, कारण समोर जेवत असलेला म्हातारा त्याचाच चुलता होता. तरी लग्नाच्या अल्बमात आत्याचा फोटो नाही म्हणून त्या घराने आप्पांना पुन्हा कधी बोलावलं नाही.

मंठ्याच्या बाजारगल्लीत त्यांचा स्टुडिओ आणि त्याला लागून माझं झेरॉक्सचं आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान. मधे प्लायवूडची भिंत. ती इतकी पातळ, की पलीकडे आप्पांना शिंक आली तर अलीकडे मी 'सत्य आहे' म्हणायची. मी दुकान टाकलं तेव्हा गल्लीतल्या निम्म्या लोकांना वाटलं होतं, बाईमाणूस, सहा महिन्यांत शटर ओढेल. आप्पांनी पहिल्याच दिवशी येऊन माझ्या दुकानाच्या पाटीचा फोटो काढला आणि म्हणाले, "ताई, पाटी तिरपी लागलीय. बराबर दिसली पायजे." स्वतः स्टुलावर चढून त्यांनी ती सरळ केली. 'बराबर दिसलं पायजे' हा त्यांचा जपच होता. कॉलरचं बटण, टोपीची धार, पासपोर्ट फोटोतले कान, सगळं त्यांना बराबर लागायचं. स्वतःच्या शर्टाचं बटण मात्र नेहमी तुटलेलं.

पंगतीतल्या म्हाताऱ्यांचे फोटो कशाला, हे मला पुढे महिन्या-दोन महिन्यांत कळलं. आमच्या भागात माणूस गेलं की तेरवीला त्याचा फोटो लागतो. चौकट, हार, समोर समई. आणि तो लागतो हे घरच्यांना माणूस गेल्यावरच आठवतं. मग मंडळी आप्पांच्या दारात. "आप्पा, आमच्या बापाचा एखादा फोटू हाय का हो तुमच्याकडं?" आप्पा विचारायचे, "कोणाच्या लग्नाला आल्ते ते?" मग नातेवाईक आठवत बसायचे. आष्टीच्या मावसभावाचं लग्न, परतूरच्या साडूच्या पोरीचं. आप्पा ते लग्न उघडायचे, आणि पंगतीतून तो माणूस शोधून काढायचे. मागचे लोक पुसायचे, निळा पडदा टाकायचे, हातातला लाडू काढून टाकायचे. घरचे म्हणायचे, जरा गंभीर करा की चेहरा, तेरवीला हसरा बरा दिसत नाही. आप्पा ऐकायचे नाहीत. "लाडू काढला. हसू काढनार न्हाई. हसू त्याचं सोताचं हाय."

मी बौद्ध, आमच्यात खंडेनवमीला हत्यारं पुजत नाहीत. पण मावशींच्या हातचे पेढे खायला मी दरवर्षी भिंतीपलीकडे हजर. मावशी म्हणजे आप्पांची बायको, इंदूमावशी. मूलबाळ नव्हतं. घर, स्टुडिओ, देव आणि आप्पांचं तुटलेलं बटण हा त्यांचा संसार. त्या दिवशी मावशी सकाळीच यायच्या, कॅमेरे, दिवे, ट्रायपॉड, सगळं ओल्या फडक्याने लख्ख पुसायच्या आणि एकेकाला हळदकुंकू लावायच्या. शेवटी आप्पा कॉम्प्युटरच्या डब्याचं एका बाजूचं झाकण काढून द्यायचे. आत एक चपटी, हाताच्या पंजात मावणारी वस्तू होती. एसएसडी, सगळे फोटो साठवणारी. आप्पा तिला वडी म्हणायचे. "हिला लाव. हिच्यात समदं गाव हाय." मावशी वाकून त्या वडीला कुंकवाचं बोट टेकवायच्या. वर्षभर तो टिळा आतल्या अंधारात तसाच असायचा.

गाव हाय हे खोटं नव्हतं. आप्पांचं आधीचं काम जुन्या हार्डडिस्कवर होतं. ती एका उन्हाळ्यात करकर आवाज करून बसली आणि दोन-तीन वर्षांची लग्नं घेऊन गेली. उरलेलं सगळं, सीड्यांवरचं, मेमरी कार्डांवरचं, आप्पांनी या वडीत भरलं आणि पोपडे निघालेल्या सीड्या फेकून दिल्या. लोकांच्या घरी अल्बम होते, पण अल्बमात नवरानवरी आणि आत्या. पंगतीतली माणसं फक्त या वडीत होती. जालन्याहून येणाऱ्या मेकॅनिकने एकदा बोलता बोलता सांगितलं, की यात फिरणारं काही नसतं, त्यामुळे आवाज नाही, पण जाते तेव्हा न सांगता जाते. आप्पांनी ते फार मनाला लावून घेतलं. जेवताना घास थांबवून म्हणायचे, "न सांगता जाती म्हणे." शेवटी त्यांनी दुसरी वडी मागवली. त्याच कंपनीची, त्याच मापाची, हुबेहूब. मी म्हटलं, "आप्पा, निदान वेगळी तरी घ्यायची." तर म्हणाले, "जोडीला जोड लागतो, ताई. बैल काय एक लाल न एक पांढरा जुंपते का?" मी मार्करने खूण करा म्हटलं, तर हसले. "खून हाय की. कुंकवाची हाय ती जुनी. देवाची खून हाय, पुसत न्हाई."

नवी वडी आली ती खंडेनवमीच्या आदल्या दिवशी. तेव्हा त्यांना घाईही होती. बाजारात भाजी विकणाऱ्या गोदाबाई नुकत्याच गेल्या होत्या. त्यांची लेक दुर्गा टेंभुर्णीहून आली होती आणि तेरवीसाठी आईचा फोटो मागत होती. घरात गोदाबाईंचा एकही फोटो नव्हता. आप्पांना लगेच आठवलं, एका लग्नात त्या वाटीतला मठ्ठा पिऊन ओठांवर पांढरी मिशी घेऊन हसल्या होत्या. "हाय, पोरी. मिशी पुसून देतो, आईला हसतीच ठेवतो," त्यांनी शब्द दिला. आता आधी सगळ्याची दुसरी प्रत करायची आणि मग गोदाबाईंना हात लावायचा, असं त्यांनी ठरवलं. एवढी काळजी घेणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही, आणि त्या काळजीनेच सगळं केलं, याचा मला अजून संताप येतो.

नवी वडी बसवली. मशीन सुरू झालं, दोन्ही वड्या दिसल्या. आप्पांनी नवीचे जुनीसारखेच भाग पाडले आणि तिला नाव दिलं 'जोडी'. मग मशीन एकदा बंद करून चालू केलं, तर पडदा काळा आणि त्यावर इंग्रजीची एक ओळ. सुरू करायला काही सापडत नाही, अशा अर्थाची.

मग आमची सगळी विद्या कामाला लागली. वायरी काढून घातल्या. फुंकर मारणारं मशीन आणून धूळ उडवली. माझ्या दुकानातलं खोडरबर घेऊन आप्पांनी रॅमची पितळी दातरी चोळचोळ चोळली, कारण गल्लीतल्या प्रत्येक कॉम्प्युटरचं दुखणं कधी ना कधी खोडरबराने बरं झालेलं होतं. काळा पडदा, तीच ओळ. मेकॅनिकला फोन लावला, तर तो सणाला गावी गेलेला. मागे ढोल वाजत होते, त्यात तो ओरडून म्हणाला, "दोन्ही काढा. नवीत नवीन विंडोज टाका. चालू झालं की मंग जुनी जोडा, समदं दिसतंय!" सल्ला सरळ होता. आप्पांनी दोन्ही वड्या काढून टेबलावर वर्तमानपत्र अंथरून शेजारी शेजारी ठेवल्या. एक कुंकवाची, एक कोरी. तेवढ्यात देवीच्या मंडळाचं बोलावणं आलं आणि ते कॅमेरा घेऊन गेले. उरलेलं दुसऱ्या दिवशी करू म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी पेढे खायला गेले, तेव्हा मावशींची पूजा आटोपली होती. दाराला झेंडूचं तोरण, सगळा स्टुडिओ ओल्या फडक्याचा वास सोडत होता. आप्पा सकाळचं शूटिंग उरकून नुकतेच आले होते. त्यांनी टेबलावरची कुंकवाची वडी उचलली, कपाळाला लावली, रुमालात गुंडाळून कपाटात ठेवली आणि किल्ली खिशात टाकली. "आता हिला कायबी होत न्हाई." मग कोरी वडी मशीनमध्ये लावली, माझ्या पेनड्राइव्हवरून विंडोज टाकायला घेतलं. आधीचे भाग पुसू का, असं पडद्यावर आलं, तेव्हा मशीनलाच म्हणाले, "पुस. कालच पाडलेत." सगळं सुरळीत झालं. तासाभरात मशीन सुरू झालं आणि आप्पांनी मला स्वतःच्या हाताने दोन पेढे दिले. इतका खूश माणूस! "दुर्गाला निरोप धाडा, उद्या सकाळी फोटू घिऊन जा म्हणा."

मग त्यांनी मशीन बंद केलं, रुमाल सोडला, कुंकवाची वडी जोडली आणि पुन्हा चालू केलं.

पडद्यावर तिचं नाव आलं. 'जोडी'. उघडली, तर आत काहीच नव्हतं.

मला कळायला वेळ लागला. आप्पांना लागला नाही. त्यांनी माउसवरचा हात काढून मांडीवर ठेवला. तेवढ्यात मावशी चहा घेऊन आल्या. आप्पा त्यांच्याकडे न बघता, अगदी साध्या आवाजात म्हणाले, "इंदू, ह्या वड्यांची पूजा कशी केलीस गं?"

मावशी कौतुकानेच सांगू लागल्या. "दोन्ही सोच्छ पुसल्या. वर्साचं कुंकू वाळून बसल्तं, नखानं काढलं. तुमी जुनी उतरवून ठिवली न, मंग नव्या वडीला कुंकू लावलं. उतरवलेल्याची काय पूजा करावं? आन ओळखायची कशी म्हणून बघा, नवीवर तो कागद होता न चिकटवलेला, चकचकीत, तो काढला आन लावलं." मग जरा थांबून, "चुकलं का काय?"

"न्हाई," आप्पा म्हणाले. "बराबर केलं."

आणि त्यांनी चहा घेतला. बशीत ओतून, फुंकून, सगळा संपवला. मी भिंतीला टेकून उभी होते. कोरी समजून आप्पांनी पुसली होती ती जुनीच. मला ओरडावंसं वाटत होतं. मावशी कप घेऊन गेल्यावर ते माझ्याकडे वळले. "ताई, तिला कळू द्यायचं न्हाई. मशीन खराब झाली म्हणायचं. तिनं देवाचं केलं. देवाचं केलेलंच चुकलं म्हणलं, तर ती उद्या करंड्यात बोट कशी घालंल?"

दिवाळीआधी ते ती वडी रुमालात बांधून संभाजीनगरला घेऊन गेले. तिथल्या माणसाने सांगितलं, फिरणारी हार्डडिस्क असती तर थोडंफार निघालं असतं. ही पुसली की आतून स्वतःच साफ होते, यातून काही निघायचं नाही. तरी आप्पा आणखी एका दुकानात गेले. तिथेही तेच. दिवाळीनंतर जालन्याचा मेकॅनिक आला, त्याने काय काय झालं ते विचारलं आणि चुकचुकला. जुन्या वडीला काहीच झालं नव्हतं म्हणे. मशीन आधी नव्या वडीत विंडोज शोधत होतं, एवढंच. आत जाऊन एक क्रम बदलला असता तर जसंच्या तसं सुरू झालं असतं. हे ऐकताना मी आप्पांकडे बघू शकले नाही. ते म्हणाले, "बरं. च्या घेता का?"

दुर्गा मात्र सांगितल्याप्रमाणे दुसऱ्याच सकाळी आली होती, दसऱ्याच्या दिवशी. आप्पांनी तिला खुर्ची दिली. "न्हाई ऱ्हायला, पोरी. मशीन गेली." ती म्हणाली, "आप्पा, तुमीच म्हणले होते, हाय." त्यांनी तिला सांगायला सुरुवात केली, आई कशी बसली होती, वाटी कोणत्या हातात होती, मिशी कशी आली होती, डोक्यावरचा पदर कोणत्या रंगाचा होता. दुर्गा ऐकत राहिली, रडली, आणि शेवटी माझ्या दुकानात आईचं आधार कार्ड घेऊन आली. त्यावरचा फोटो मी मोठा करून दिला. गोदाबाई त्यात कुणीतरी दरडावल्यासारख्या बघत होत्या.

त्यानंतर तोच रस्ता झाला. माणूस गेलं की लोक आप्पांकडे, आप्पांकडून माझ्याकडे. माझ्या प्रिंटरमधून एकामागून एक घाबरलेले चेहरे बाहेर पडायचे. आप्पा कधी भिंतीच्या पलीकडून यायचे, एखादा उचलून बघायचे आणि ठेवून द्यायचे. "हा फोटू न्हाई, ताई. ही तर चौकीवर उभं केल्यावानी गत हाय." मी एकदा हिंमत करून म्हटलं, पुन्हा सुरुवात करा, गावोगाव फिरा, म्हातारे आहेत अजून. ते गेलेही, दोन-चार लग्नांत. पंगती आता टेबल-खुर्चीवर होत्या, आणि ज्यांच्यासाठी ते उकिडवे बसायचे त्यातले बरेच जण उठून गेले होते. परत आल्यावर कॅमेरा पिशवीत ठेवत म्हणाले, "त्येच लोक पुन्हा कुठून आनू?" मग त्यांनी लग्नं घेणं सोडलं. पासपोर्ट फोटो तेवढे काढायचे. कॉलर सरळ करायचे, पण 'बराबर दिसलं पायजे' म्हणणं बंद झालं होतं, हे बऱ्याच दिवसांनी माझ्या लक्षात आलं.

मावशींसमोर मात्र ते तसेच होते. पुढच्या खंडेनवमीला त्यांनी मशीनचं झाकण स्वतः काढून दिलं. आत दोन्ही वड्या होत्या, आणि दोन्हींत जुन्या पंगतीतलं कुणीच नव्हतं. मावशींनी दोन्हीला कुंकू लावलं. मी पेढा कागदात बांधून दुकानात घेऊन गेले.

आप्पा गेले ते मागच्या हिवाळ्यात, सकाळी शटर वर करता करता. छातीवर हात ठेवून पायरीवर बसले आणि उठले नाहीत.

तेरवीच्या आधी मावशी माझ्या दुकानात आल्या. कपाळ मोकळं होतं. हातातल्या पिशवीतून त्यांनी आप्पांचं आधार कार्ड काढलं आणि काउंटरवर ठेवलं. "मोठा करून दे, बाई. साऱ्या दुनियाचे फोटू काढले, सोताचा एक न्हाई." मग त्याच म्हणाल्या, "एक होता. माहूरला गेल्तो तवा म्या काढल्ता. त्यांनीच दाखवलं कुठलं बटन दाबायचं. माझा हात हालला, तरी म्हणले, बराबर आलाय. हसत होते. त्या मशीनीत होता तो."

मी कार्ड स्कॅनरवर ठेवलं आणि झाकण लावलं. मावशी हळूच म्हणाल्या, "वंदना, एक इचारू? त्या साली म्या नव्या वडीला कुंकू लावलं, जुनीला न्हाई लावलं. दरसाल तिला लावीत होते. म्हणून गेली असंल का गं ती मशीन?"

प्रिंटरमधून आप्पा बाहेर आले. डोळे ताणलेले, ओठ मिटलेले, शर्टाचं वरचं बटण तुटलेलं. मी तो कागद हातात धरून उभी होते आणि माझ्या तोंडातून त्यांचाच शब्द निघाला, "नाही मावशी. तुम्ही बराबर केलं होतं."

मावशींनी माझ्या हातातला फोटो घेतला.

"ते बी असंच म्हणले होते," त्या म्हणाल्या, आणि फोटो पदराखाली धरून पायऱ्या उतरल्या.